गुळगुळीत नळी

आबाजींच्या ठासणीच्या बंदुकीत मी पहिल्यांदा डोकावलो ते मोबाईलचा टॉर्च लावून. निवडणूक जाहीर झाली होती. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, म्हणून ती माळ्यावरून खाली आली होती. आबाजींनी गज घालून ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि मग माझ्या हातात दिली.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलाला लागून. रात्री रानडुकरं आणि रोही तुरीत, हरभऱ्यात उतरतात. पीक हाती येईपर्यंत जागल चुकत नाही. परवाना त्यासाठीच, पीकसंरक्षणाचा.

"हिचा नेम लागते का?" मी विचारलं.

"नेम कायचा लागते बापू," आबाजी हसले, "आवाज लागते. डुक्कर पयते."

नळी आतून अगदी गुळगुळीत होती, पाण्याच्या पाइपासारखी. मला आश्चर्य वाटलं, कारण काही दिवसांपूर्वीच मी फोनवर एक जुना माहितीपट पाहिला होता. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गमध्ये १९६९ साली तयार झालेला. त्यात वॉलेस गसलर नावाचा कारागीर अठराव्या शतकातल्या हत्यारांनी अख्खी रायफल बनवतो. लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून त्याची नळी करतो आणि मग नळीच्या आत आटे पाडतो.

या आट्यांमुळेच रायफल ही रायफल ठरते. गुळगुळीत नळीतून शिशाची गोळी भिंतींवर आपटत बाहेर येते आणि शेवटी ज्या बाजूला आपटली असेल त्यावर तिची दिशा ठरते. आट्यांतून आलेली गोळी स्वतःभोवती गिरक्या घेते. भोवरा फिरतो आहे तोवर उभा राहतो, तशी ती वाट सोडत नाही.

हे आटे हाताने पाडायचे कसे? लाकडाचा एक लांब गोल दांडा घ्यायचा आणि त्यावर मळसूत्रासारख्या खाचा कोरायच्या. दांडा ओढला की तो खाचांच्या वळणाने फिरत सरकतो. त्याच्या टोकाला सळई, सळईत बोटाच्या पेरापेक्षाही लहान कानशीसारखं पातं. तेल लावून ते नळीतून पुढेमागे ओढायचं. एका खेपेला निघतो तो नुसता कीस. पातं कापेनासं झालं की त्याखाली कागदाचा कपटा सारायचा, म्हणजे ते केसभर वर येतं. एक आटा झाला की दांडा ठरलेल्या अंतराने फिरवून दुसरा. युरोपात ही विद्या १५००च्या सुमारास सुरू झाली. पण गोळी नळीत घट्ट बसवावी लागे, भरायला वेळ जाई, म्हणून ती बराच काळ मुख्यतः शिकाऱ्यांपुरती राहिली.

ती फौजेत सर्रास आली ते बुडाशी पोकळ असलेल्या गोळीमुळे. ही गोळी नळीत सहज उतरते आणि बार उडाला की फुगून आट्यांत बसते. इंग्रजांची १८५३ची एनफिल्ड अशीच होती: ठासणीची, पण आट्यांची. नळी ३९ इंच, आत तीन आटे आणि ७८ इंचांत एक फेरा. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीचा फक्त अर्धा फेरा होई. तेवढा पुरे होता. साध्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपुढे भरवशाचा नव्हता, एनफिल्डचा तीनशेच्याही पुढे होता.

१८५७ची काडतुसं आपण शाळेत शिकलो. गाय, डुक्कर, चरबी, दात. चरबी मुळात हवी कशाला होती, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. या आट्यांत दारूची काजळी बसे. गोळी त्यातून सहज उतरावी, म्हणून काडतुसाला वंगण होतं. जी बंदूक त्या भडक्याचं निमित्त ठरली, ती बहुतेक बंडखोरांच्या हाती आलीच नव्हती. ते जुन्या गुळगुळीत बंदुकांनीच लढले. समोर एनफिल्ड होत्या.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी १८५८चा नवा नमुना काढला. बंदूक तीच, एनफिल्ड. फक्त ०.५७७ इंचाची नळी ०.६५६ इंचापर्यंत पोखरून आतले आटे खरवडून काढले. शिपाई ठेवायचा, बंदूकही द्यायची, पण नेम काढून घ्यायचा. पोखरून नळ्या इतक्या पातळ झाल्या की लगेच १८५९ला जाड नळीचा नमुना काढावा लागला.

पुढे १८७८ला शस्त्रास्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. १९३६ला आमच्याच जिल्ह्यात, सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आलेल्या गांधीजींनी या कायद्यावर किती कडक लिहिलं होतं, हे वाचून मी चकित झालो. अख्ख्या देशाला निःशस्त्र करणं हे त्यांच्या लेखी त्या राजवटीचं सर्वांत काळं कृत्य होतं. अहिंसेला अर्थ यायचा तर हातात दुसरा पर्याय असावा लागतो, असं मी त्यातून समजलो.

स्वतंत्र भारताने १९५९ला नवा कायदा केला. त्याचं तेरावं कलम मी फोनवर उघडलं. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती अपुरी पडते असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी बंदूक देता येते, पण तीही गुळगुळीत नळीचीच.

यात शहाणपणही आहे. छऱ्यांना गुळगुळीत नळीच बरी, आट्यांनी ते विखुरतात. आणि लांब पल्ल्याची गोळी चुकली, तर शेजारच्या शेतात जागलीला बसलेल्याला लागायची. आबाजींना रायफल मिळावी असं माझं म्हणणं नाही. पण साहेबाने हिंदी माणसाच्या हाती दिलेली नळीही गुळगुळीतच होती आणि तिथे कारण डुकराचं नव्हतं, अविश्वासाचं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी आपण आपला कायदा लिहिताना ते जुनं कारण आठवलं तरी होतं का, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

ठाण्यात पावती मिळाली. आबाजींनी ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. त्या रात्री आम्ही जागलीला गेलो ते टिनाचा डबा आणि काठी घेऊन.