एकच एजंट, दोन्हीकडून कमिशन : घर घेताना काय बघायचं?

बेळगाव : घर घ्यायचं ठरलं की पहिला फोन एजंटला जातो. तोच घर दाखवतो, तोच मालकाशी बोलतो, तोच भाव जुळवतो. व्यवहार झाला की एक-दोन टक्के मालकाकडून आणि तेवढेच घेणाऱ्याकडून घेतो. यात कुणाला वावगं वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. एजंट आपलाच माणूस आहे असं समजून घेणारा त्याला आपलं बजेट, कर्ज किती मंजूर झालं, घाई किती आहे हे सगळं सांगून मोकळा होतो.

दुहेरी एजन्सी म्हणजे काय?

एकाच व्यवहारात एकच एजंट विकणारा आणि घेणारा या दोघांसाठीही काम करतो, तेव्हा त्याला दुहेरी एजन्सी म्हणतात. विकणाऱ्याला जास्त भाव हवा असतो, घेणाऱ्याला कमी. दोघांच्या बाजूने एकाच वेळी भांडता येत नाही. म्हणूनच अमेरिकेत फ्लोरिडा, कोलोरॅडो अशा काही राज्यांत ही पद्धत चालत नाही, तर कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंना सांगून, त्यांच्या संमतीनेच चालते. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही.

हिशोब कुणाच्या बाजूचा?

समजा, फ्लॅटचा भाव ६० लाख आहे आणि दोन्हीकडून २ टक्के ठरले आहेत. एजंटला १ लाख २० हजार अधिक १ लाख २० हजार, म्हणजे २ लाख ४० हजार मिळतात. घेणाऱ्याने घासाघीस करून भाव ५७ लाखांवर आणला, तर त्याचे ३ लाख वाचतात. एजंटचे मात्र फक्त १२ हजार कमी होतात. सौदा मोडला तर त्याचे पूर्ण २ लाख ४० हजार जातात. त्यामुळे भाव किती, यापेक्षा सौदा लवकर व्हावा यात त्याचा फायदा जास्त. हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही, कमाईच्या पद्धतीचा आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार एजंटने मालकाला, म्हणजे ज्याच्यासाठी तो काम करतो त्याला, हिशोब द्यायचा असतो. मालकाला न सांगता एजंटने ते घर दुसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतलं आणि महत्त्वाची गोष्ट लपवली, तर कलम २१५ खाली मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कामात गैरवर्तन केलं असेल, तर कलम २२० नुसार त्या भागाची दलाली मागता येत नाही.

२०१६ च्या रेरा कायद्यात नोंदणी झालेल्या प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही रेरा नोंदणी लागते. नंबर नसेल तर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. पण जुनं घर मालकाकडून परस्पर घेताना हे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथं आपली खबरदारी आपणच घ्यायची.

सीमाभागातली जादा अडचण

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आरटीसी उतारा, ईसी, खाते उतारा हे कागद कन्नडमध्ये असतात. ज्याला कन्नड वाचता येत नाही, तो एजंटलाच विचारतो, "काय लिहिलंय?" म्हणजे भाव जुळवणारा, दोन्हीकडून कमिशन घेणारा आणि कागद वाचून दाखवणारा माणूस एकच. बोजा, वाटणीचा वाद, कोर्टातला दावा असं काही निघालं तर सौदा मोडेल, हे त्यालाही माहीत असतं. कर्नाटकातल्या माणसाने चंदगड किंवा कोल्हापुरात जागा घेतली तर सातबारा आणि फेरफाराच्या बाबतीत, गोव्यात घेतली तर एक-चौदाच्या उताऱ्याच्या बाबतीत तेच घडतं. तिथं भाषेपेक्षा कागदांची पद्धत अनोळखी असते.

काय करावं?

• पहिल्याच भेटीत विचारावं : समोरच्याकडूनही कमिशन घेता का? किती? उत्तर कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर घ्यावं.
• आपला शेवटचा आकडा एजंटला सांगू नये. आजूबाजूला नुकत्याच झालेल्या व्यवहारांचे भाव स्वतः काढावेत.
• विसार देण्याआधी मालकाला प्रत्यक्ष भेटावं. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या खात्यात द्यावी.
• कागद सदोष निघाले किंवा कर्ज नामंजूर झालं तर विसार परत, ही अट पावतीवर लिहून घ्यावी.
• वकील आपला आपण नेमावा, एजंटने सुचवलेला नको. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो.
• कमिशन कधी द्यायचं ते आधी ठरवावं. वेगळा करार नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय ते देणं लागत नाही (कलम २१९).
• रेरा प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

दोन्हीकडून कमिशन घेणारा प्रत्येक एजंट फसवतो असं नाही. चांगला एजंट अडलेला सौदाही मार्गी लावतो, दोन्ही घरांना सांभाळून घेतो. घर शोधणं, गाठभेट घालून देणं हे काम त्याच्याकडे जरूर द्यावं. भाव ठरवणं आणि कागद तपासणं ही दोन कामं मात्र त्याच्यावर सोडू नयेत.