भीतीला जवळचंच दिसतं

साथीचा आणि कर्करोगाच्या तपासणीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध भीतीचा आहे, आणि तो समजायला आपल्याला १८९७ च्या पुण्यात जावं लागतं.

प्लेग आला. रँडसाहेबाच्या समितीने गोरे सोल्जर घरोघरी धाडले. लोक रोगी लपवू लागले. त्यांना प्लेगची भीती नव्हती का? होती ना! पण तपासणी म्हणजे माणूस उचलून नेणार, सामान जाळणार, बायकांची अब्रू जाणार, असा तिचा अर्थ झाला होता. त्याच दिवसांत हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच १० मार्चला त्या गेल्या. रोग एकच होता; दाराशी येणारा हात मात्र वेगळा होता.

त्याच वर्षीचा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. हातावर शिक्के बसले, दारांवर कागद लागले. ‘टेस्ट’ म्हटलं की ‘नेतील’ हे पुन्हा मनात आलं. आता स्क्रीनिंग काय मागते? काही दुखत नसताना दवाखान्यात जा! देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत दिसलं, की मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. ७० टक्क्यांहून जास्त केंद्रांत स्क्रीनिंग बंद तरी होतं, नाहीतर पाव क्षमतेच्याही खाली. सगळं भीतीमुळे झालं असं नाही. रेल्वे बंद होती, दवाखान्यांतली माणसं कोविडकडे वळली होती. पण वाट मोकळी असती तरी किती जण गेले असते?

ॲरिस्टॉटलने हे फार पूर्वी ओळखलं होतं. मरण येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते दूर वाटतं म्हणून त्याची भीती वाटत नाही. विषाणू शेजारच्या खोकल्यात असतो. गाठ मात्र मुकाट्याने वाढते.

मग उपाय? १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत स्थानिक आरोग्यसेविका शिकवून तयार केल्या. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून त्यांनी गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. इथे तपासणीला सोल्जरचा चेहरा नव्हता, ओळखीच्या बाईचा होता.

तेव्हा पुढची साथ येईल तेव्हा आपण लोकांना ‘घाबरू नका’ एवढंच सांगून भागणार नाही. भीती उपदेशाने जात नाही. तपासणारा हात ओळखीचा असावा लागतो, आणि ती ओळख साथ येण्याआधीच करून ठेवावी लागते.