मुठीमुठीने उभे राहिलेले घर

सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय उभे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते 1919 साली सुरू केले व मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्यास दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या नावात ना गव्हर्नर, ना संस्थानिक, केवळ रयत. विद्येची दोन्ही मंदिरे आम्हांस सारखीच वंद्य आहेत. परंतु खेड्यात सर्वांसाठी सभागृह उभारावयाचे आहे, लोकांपुढे जावे कसे, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी या दुसऱ्या वाटेचा उगम पाहावा. तो विश्रामबागेपासून फार दूर नाही.

वारणाकाठच्या दुधगावात 1910 च्या सुमारास भाऊराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षण मंडळ काढून विद्यार्थ्यांसाठी आश्रम चालविला. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत. त्यांच्या जेवणासाठी ‘मुष्टिफंड’ निघाला. घरच्या बाईने दळणास बसण्यापूर्वी सुपातील धान्यातून एक मूठ आश्रमासाठी बाजूस काढावयाची, एवढीच ती योजना.

दिसावयास साधी, पण तिच्यामागे खेड्याच्या संसाराची खोल जाण होती. शेतकऱ्याच्या घरी रोकड दिसे ती सुगीनंतर चार दिवस, तीही गड्याच्या कनवटीस. वर्गणीची बोलणी पुरुषांच्या बैठकीत होत, आणि तेथे थोरामोठ्यांचे आकडे ऐकून गरिबाची मान खाली जाई. जात्यापाशी मात्र सत्ता बाईची, आणि तिची मूठ पाटलिणीच्या मुठीएवढीच! शिवाय ही वर्गणी एकदा देऊन संपणारी नव्हती; दर दळणाला त्या मुलांची आठवण होई. परजातीच्या मुलाच्या भाकरीत आपली ज्वारी आहे, ही जाणीव शिवाशिवीच्या त्या काळात लहान नव्हती.

योगायोग असा, की 1910 सालीच दूर मिझो टेकड्यांवरील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी भात रांधताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी राखून ठेवण्याची प्रथा सुरू केली. ‘बुहफाई थाम’ या नावाने ती आजही चालू आहे. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणारी शुभवर्तमानातील विधवा या साऱ्याजणींची थोरली बहीण शोभावी.

मुठीने पोट भरते, भिंत उठत नाही, हेही खरे. साताऱ्यात 1924 साली वसतिगृह सुरू झाल्यावर भाऊरावांना देणगीदारांचे उंबरे झिजवावे लागलेच; आणि मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. पण दगड, लाकूड, सिमेंट यांसाठी मोठ्या दात्याकडे जाणारा माणूस जेव्हा गावातील प्रत्येक घराची मूठ आधी दाखवू शकतो, तेव्हा तो याचक राहत नाही.

डिसेंबर 1993 मध्ये खासदार निधी सुरू झाला. तेव्हापासून समाजमंदिरासाठी अर्ज करणे हीच पहिली पायरी होऊन बसली आहे. त्या निधीविरुद्ध आमची तक्रार नाही. गरीब गावास तो हवाच. मात्र कोणाच्याही घरून मूठ न आलेल्या अशा काही वास्तू आम्ही पाहिल्या आहेत. दारावरच्या संगमरवरी पाटीवरील नावे ठळक असतात. किल्ली कोणाकडे, हे विचारावे तर शेजारी दुसऱ्याचे घर दाखवितात, आणि व्हरांड्यात कोणाची तरी म्हैस बांधलेली असते.