खिशातला निळा पंप: धोतऱ्यापासून पिंपरीच्या मातीपर्यंत

सेकंड शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या कंपनी बसमध्ये बसला असाल तर हे चित्र ओळखीचं असेल. कुणीतरी हळूच निळा पंप काढतो, खिडकीकडे तोंड करून दोन पफ मारतो आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहतो. आजची गोष्ट त्या पंपाची.

सुरुवात धोतऱ्यापासून. हो, महादेवाला वाहतो तोच. त्याच्या पानांचा धूर दम्यावर ओढायची रीत आपल्याकडे जुनी. 1802 च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती मद्रासहून ब्रिटनला नेली आणि पुढे तिकडे चक्क दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातलं अॅट्रोपीन श्वासनलिका आवळणारा मज्जातंतूंचा निरोप अडवतं. पण तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, जास्त झालं तर भ्रम होतो. विष आहे ते, घरी प्रयोग नको! आजचं इप्राट्रोपियम याच घराण्यातलं, फक्त रक्तात फार कमी उतरणारं.

पंप आला 1956 मध्ये. अमेरिकेतल्या रायकर कंपनीच्या जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही मिळत, असं तिनं विचारलं आणि त्यातून हा डबा जन्मला. आत होतं आयसोप्रेनॅलिन. ते श्वासनलिकेचे स्नायू सैल करायचं, पण सोबत हृदयालाही पळवायचं.

आणि इथे गोष्ट काळी होते. 1960 च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची, शाळकरी मुलांची संख्या अचानक वाढली. बाजारात जास्त ताकदीचा पंप आला होता. पफ मारला की बरं वाटायचं, म्हणून दवाखान्यात जायला उशीर व्हायचा. दोष औषधाच्या ताकदीचा किती आणि उशिराचा किती, यावर तज्ज्ञ पुढे बराच काळ भांडले. 1967 मध्ये डॉक्टरांना इशारा गेला आणि आकडे उतरले.

1969 मध्ये सॅल्ब्युटामॉल आलं, म्हणजे बहुतेकदा आपला तो निळा पंप. हे मुख्यतः फुप्फुसावर काम करतं. तरी हात थरथरतात, छातीत धडधडतं. पण खरी गोम वेगळीच आहे. ते नळी उघडतं, आतली सूज तशीच राहते. सुजेवरचं औषध, बेक्लोमेथासोनचा पंप, 1972 मध्ये आला. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे घरातले हादरतात. गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हाडं, साखर, वजन यांचा त्रास होतो, ही भीती खोटी नाही. पंपातला डोस मात्र मायक्रोग्रॅममध्ये, थेट फुप्फुसात. गंमत म्हणजे लोक नेमका हाच बंद करतात, कारण पफ मारल्यावर लगेच काही जाणवत नाही. 2019 पासून जागतिक दमा मार्गदर्शिका, जिना, सांगते की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. तुमचा तसा असेल तर डॉक्टरांना विचारा.

स्टेरॉइडच्या पंपाने आवाज बसतो, तोंडात कॅंडिडा बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. म्हणून पफनंतर चूळ भरायची. आता ऐका. याच कॅंडिडावर चालणारं एक औषध पिंपरीच्या मातीत सापडलं होतं! 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1961 साली एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. नाव हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. ते बनवणाऱ्या जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एच.ए. कॉलनीवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

परत त्या बसमध्ये येऊ. पेंट शॉपमधल्या टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की अगदी थोडी वाफही दमा उठवते, कधीकधी घरी गेल्यावर, रात्री. आयसोसायनेटची विषबाधा कायद्याने नोंदवायच्या आजारांच्या यादीत आहे. अशा वेळी पंप कितीही मारला तरी संपर्क चालूच राहतो. डॉक्टर इथे एक साधा प्रश्न विचारतात: सुट्टीच्या दिवशी श्वास मोकळा होतो का? आपल्या पट्ट्यात तो दिवस बहुतेकांचा गुरुवार.