मोटारींतील एक लहान तांबडा दिवा



इंग्लंडांत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गेल्या हिवाळ्यांत पत्र आलें. त्याच्यापाशीं १९७२ सालची एमजीबी मोटार आहे. चालकापुढील फळीवरचा तांबडा इशाऱ्याचा दिवा मंद दिसूं लागला, म्हणून त्यानें तंतूचा जुना दिवा काढून तेथें एलईडी बसविला. प्रकाश उत्तम पडला. परंतु इंजिन सुरू झाल्यावर जो दिवा विझावयाचा, तो विझेना. नवा दिवाच सदोष असावा, असें मानून हे गृहस्थ तसेच निघाले. आणि रात्रीं आडरस्त्यावर बॅटरी संपून गाडी अंधारांत उभी राहिली. दिवा खरें बोलत होता. नवल हें कीं, ज्या दोषाची तो वर्दी देत होता, तो दोष त्याच्याचमुळें उत्पन्न झाला होता. हें कोडें उलगडण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

१९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेली, विजेनें इंजिन सुरू करण्याची योजना अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत आली. हातानें दांडा फिरविण्याचे कष्ट टळले. पण बॅटरीवरचा भार वाढला. ती भरत आहे कीं रिकामी होत आहे, हें चालकास कळणें अगत्याचें झालें. त्यासाठीं प्रथम कांट्याचा ॲमीटर असे. पुढें अनेक गाड्यांत त्याची जागा तांबड्या दिव्यानें घेतली. डायनामोच्या काळीं हा दिवा केवळ निरोप्या होता. त्याचें एक टोंक बॅटरीकडे, दुसरें डायनामोकडे. दोहोंकडील विजेचा दाब सारखा झाला कीं, मधून प्रवाह वाहण्यास कारण उरत नसे आणि दिवा विझे.

१९६० सालीं क्रायस्लर कंपनीच्या व्हॅलियंट गाडींत डायनामोच्या जागीं अल्टरनेटर आला. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें तयार होणाऱ्या एमजीबीस तो १९६७ च्या अखेरीस मिळाला. डायनामोच्या लोखंडांत उरलेल्या चुंबकत्वावर तो आपोआप जागा होई. अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकांत तें फार थोडें उरतें. म्हणून आरंभीं त्यास बाहेरून वीज द्यावी लागते. पुढील अनेक गाड्यांत हें काम त्याच तांबड्या दिव्याकडे आलें. चावी फिरवितांच बॅटरीची वीज दिव्याच्या तंतूंतून चुंबकाच्या वेटोळ्यांत जाते. अल्टरनेटर एकदां जागा झाला कीं, पुढची वीज तो स्वतःच पुरवितो. निरोप्याच्या अंगावर असें दुसरें काम येऊन पडलें. पण बाहेरून पाहणारास त्याचा पत्ता नव्हता.

ज्या १९६२ सालीं एमजीबी बाजारांत आली, त्याच सालीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत निक होलोन्याक यांनीं तांबडा प्रकाश देणारा एलईडी करून दाखविला. तंतूचा जुना दिवा २.२ वॅटचा, बारा व्होल्टांवर तो सुमारें ०.१८ अँपिअर वीज घेतो. एलईडीस त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पुरते. ही काटकसर हाच त्याचा मोठा गुण. पण येथें तीच घातक ठरली. एवढ्याशा विजेनें निजलेला चुंबक जागा होत नाहीं. कांहीं गाड्यांत इंजिन जोरांत फिरविल्यावर तो जागा होतो, कांहींत होतच नाहीं. शिवाय तंतूंतून वीज कोणत्याहि दिशेनें जाते, एलईडींतून एकाच दिशेनें. १९६७ पूर्वींच्या एमजीबींत बॅटरीचें धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें साधा एलईडी उलटा बसतो व पेटतच नाहीं.

उपाय सोपा आहे. दिव्याला समांतर असा ६८ ओहमचा, पांच वॅट सोसणारा रोधक जोडला कीं, तंतू जेवढी वीज जाऊं देई, जवळजवळ तेवढी पुन्हां जाऊं लागते. माझ्या विद्यार्थ्यानें तसें केलें. इंजिन सुरू होतांच आतां त्याचा दिवा विझतो.

चाळीस वर्षें मुलांना शिकवितांना मी सांगत असें कीं, जुनी वस्तु बदलण्यापूर्वीं ती काय काय करीत होती, तें विचारावें. त्यानें तें वर्गांत ऐकलें होतें. अर्थ मात्र त्या अंधाऱ्या रस्त्यावर उमगला. खरें सांगावयाचें तर, मलाहि तो त्याच्या पत्रावरूनच पुरता उमगला.