यिर्मयाची गुंडाळी : संदेशनिष्ठा आणि राजसत्ता

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मग्रंथातील संदेष्टा हा प्रामुख्याने भविष्य सांगणारा नसून ईश्वराचा निरोप पोहोचविणारा असतो. जुन्या करारातील यिर्मयाच्या पुस्तकात (हा ग्रंथ यहुदी धर्मशास्त्राचाही भाग आहे) या कर्तव्याची कठोर कसोटी दिसते. ही संदेशनिष्ठा केवळ एका व्यक्तीचे धैर्य होते, की तिला सामाजिक आधारही होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ. स. पू. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबेलने मिसरचा पराभव केला आणि यहूदाचे लहानसे राज्य नव्या सत्तेच्या छायेत आले. डी. जे. वाइजमन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबेलच्या इतिवृत्तातून ही लढाई आणि इ. स. पू. ५९७ मधील यरुशलेमचा पाडाव यांना स्वतंत्र दुजोरा मिळतो. अशा काळात बाबेलला शरण जाण्याचा संदेश देणे राजद्रोहासमान होते.

आज्ञापालनाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी काटछाट न करण्याची. मंदिराच्या अंगणात बोलताना एकही शब्द गाळू नये, अशी आज्ञा यिर्मयाला झाली होती (अध्याय २६). मंदिराचा नाश होईल हे ऐकताच याजकांनी त्याच्या देहान्ताची मागणी केली. तरीही त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

दुसरी कसोटी मौनाची. हनन्या या संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल असे सांगून यिर्मयाच्या मानेवरील लाकडी जोखड मोडले, तेव्हा यिर्मया निघून गेला. त्याचे खंडन त्याने पुढे संदेश मिळाल्यावरच केले (अध्याय २८). संदेश नसताना स्वतःचे मत ईश्वराच्या नावावर न खपविणे, हेही आज्ञापालनच होय.

तिसरी कसोटी पुनर्लेखनाची. यहोयाकीमच्या चौथ्या वर्षी यिर्मयाने सांगितलेला मजकूर बारूख या लेखकाने गुंडाळीवर लिहिला. पुढील वर्षी ती वाचली जात असता राजाने तिचे तुकडे कापून शेगडीत जाळले. त्यानंतर तोच मजकूर पुन्हा लिहिला गेला आणि त्यात तशाच आणखी वचनांची भर पडली (अध्याय ३६). येथे निष्ठा म्हणजे यांत्रिक नक्कल नव्हे, तर दडपलेला संदेश पुन्हा उभा करणे होय.

संदेशवाहकाचे संरक्षण

उरीया नावाच्या संदेष्ट्यानेही याच आशयाचा संदेश दिला होता. तो मिसरला पळाला. परंतु राजाच्या माणसांनी त्याला परत आणले आणि त्याचा वध झाला. यिर्मया मात्र वाचला. दोघांच्या निष्ठेत उणेअधिक दिसत नाही. फरक आश्रयाचा होता. शाफानपुत्र अहीकामने यिर्मयाला वाचविले. गुंडाळीचे वाचन शाफानपुत्र गमर्‍याच्या दालनातून झाले आणि ती जाळू नये अशी विनंती करणाऱ्यांत गमर्‍याही होता. योशीया राजाला नियमशास्त्राचा ग्रंथ वाचून दाखविणारा चिटणीस शाफान हा याच घराण्याचा मूळ पुरुष मानला जातो. तो ग्रंथ ऐकून योशीयाने वस्त्रे फाडली होती. त्याच्या पुत्राने, यहोयाकीमने, गुंडाळीच फाडली.

यरुशलेममधील यिगाल शिलो यांच्या उत्खननात १९८२ मध्ये अनेक मातीच्या मुद्रा सापडल्या. त्यांपैकी एकीवर ‘शाफानपुत्र गमर्‍या’ हे नाव आहे. ही व्यक्ती यिर्मयाच्या पुस्तकातील गमर्‍याच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लाखीश येथे १९३५ मध्ये सापडलेल्या खापरांवरील पत्रांपैकी एकात, काही वचनांमुळे ‘हात ढिले पडतात’ अशी तक्रार आहे. यिर्मयाला विहिरीत टाकताना सरदारांनी त्याच्यावर ठेवलेला आरोप जवळजवळ याच शब्दांत होता (अध्याय ३८). त्या विहिरीतून त्याला बाहेर काढणारा एबद-मलेख हा राजवाड्यातील परदेशी सेवक होता.

निष्कर्ष

इ. स. पू. ५८७/५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि मंदिर जळाले. राजाने जाळलेल्या गुंडाळीतील संदेश मात्र टिकला. त्यामागे यिर्मयाचे आज्ञापालन होते, तसेच बारूखची लेखणी, शाफान घराण्याचे पाठबळ आणि एका परदेशी सेवकाचे धाडसही होते. उरीयाचे नाव आज उरले आहे ते यिर्मयाच्याच पुस्तकातील मोजक्या ओळींत. सत्तेला अप्रिय असलेले वचन पोहोचविण्यासाठी बोलणाऱ्याची निष्ठा अनिवार्य असते. परंतु ते टिकविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यांवर आणि आश्रय देणाऱ्यांवरही तितकीच असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.