दातवणाचे माप

पाचोऱ्याकडे पहाटे शेताला निघालेला माणूस बांधावरच्या निंबाची नाहीतर बाभळीची काडी मोडून घेई आणि चावत चावत विहिरीपर्यंत जाई. घरात मात्र पुष्कळ बायकांच्या बोटाला मशेरी असे, अजूनही असते. विचारले तर दोन्हींना एकच उत्तर मिळते : जुनी चाल आहे! तेव्हा कोणती चाल किती जुनी, ते पाहू या.

पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने पहूरला उतरून पूर्वी अजिंठ्याला जाता येई. त्या लेण्यांत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. भिक्षूंच्या नियमांचा पाली ग्रंथ विनयपिटक. त्यातल्या चुल्लवग्गात दातवणाची मोठी गमतीची हकिकत आहे. भिक्षू दातवण करीत नसत, तोंडाला दुर्गंधी येई. म्हणून बुद्धांनी काडीची परवानगी दिली. झाले! काहीजण लांबलचक काड्या घेऊन त्यांनीच लहान श्रामणेरांना मारू लागले. मग नियम झाला, काडी ८ अंगुळांहून, म्हणजे आडव्या ८ बोटांहून लांब नको. पुढे एकाने इतकी आखूड घेतली की ती घशात अडकली. पुन्हा नियम : ४ अंगुळांहून आखूड नको. गुरुजींना आपलाच वर्ग आठवेल!

वैद्यांचे माप निराळे. सुश्रुतसंहितेत काडी १२ अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ नि बिनगाठीची सांगितली आहे. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह उत्तम. तोंड आले असेल, घसा बिघडला असेल तर दातवण नको, हेही तिथेच आहे. चरक सांगतात, टोक चेचून दोन वेळा घासावे, पण हिरड्या दुखवू नयेत. सातव्या शतकात नालंदाला राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की काडी शेवटी चिरून तिने जीभ खरवडावी. आपल्या म्हाताऱ्या माणसांचीही तीच रीत, नाही का?

काडीच्या चेचलेल्या धाग्यांनी दातांवरचा थर निघतो. बाभळीच्या सालीत टॅनिन असते, म्हणून ती तुरट लागते. याच सालीने कातडे कमावीत. मात्र फ्लोराइडच्या पेस्टने दात किडण्यापासून जे रक्षण होते, ते काडी देत नाही. घरात पोरांना ब्रश मिळत असेल तर तो काढून घेऊ नये.

आता मशेरी. ती भाजलेल्या तंबाखूची. तिची सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चरक-सुश्रुतांच्या यादीत ती सापडायचीच नाही. तंबाखू मुळात अमेरिकेतला. पोर्तुगीज दर्यावर्दी इथे आले, त्यानंतरच तो या देशात पोचला.